आकाशाचे मौन

परग्रहांवर बुद्धिमान जीव असतील, तर त्यांची चाहूल का लागत नाही? १९६० साली फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बीण दोन ताऱ्यांकडे रोखली. तेव्हापासून शोध चालू आहे आणि आकाशाचे मौनही. परंतु आकाशगंगेतील १०० अब्जांहून अधिक ताऱ्यांपैकी अत्यल्पच तपासले गेले असता तेथे कोणीच नाही असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. प्रश्न काळाचाही आहे. पृथ्वीचे वय सुमारे ४.५ अब्ज वर्षे. मानवाला रेडिओलहरी वश होऊन १५० वर्षेही झालेली नाहीत. दोन संस्कृतींनी एकाच काळी जागे असणे हाच दुर्मिळ योग! संस्कृती किती काळ तगते, हेच ड्रेक यांच्या १९६१ च्या समीकरणातील अखेरचे पद आहे. अण्वस्त्रे उशाशी घेऊन निजणाऱ्या मानवाने त्याचे उत्तर प्रथम स्वतःपुरते द्यावे.