यामे म्हणजे थांब

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात, म्हणजे इथल्या बोलीत व्हीकेआयमध्ये, नोकरी करणारे आईवडील मला विचारतात, "साहेब, मुलाला कराटेला घालू का?" जरूर घाला. फक्त ब्लॅक बेल्ट किती महिन्यांत, हे विचारू नका. पदकासाठीही घालू नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये असलेलं कराटे 2024 च्या पॅरिसमध्ये नव्हतंच.

कराटे शाळेत आणलं ओकिनावाच्या आन्को इतोसू यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. मुलांसाठी त्यांनी पिनान हे पाच काता बसवले. पाचही कातांची पहिली हालचाल बचावाची आहे. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी पेशाने शिक्षक होते. 1922 मध्ये त्यांनी ही विद्या टोकियोत दाखवली.

तोच काता शंभरदा करताना मूल कंटाळतं. कंटाळू द्या. एनडीएच्या ड्रिल स्क्वेअरवर आम्हीही कंटाळलो, पण अंगात शिस्त मुरली ती तिथेच. रायफल हातात आल्यावर पहिला धडा असतो ट्रिगरपासून बोट दूर ठेवण्याचा. ताकद देण्याआधी आवर शिकवावा लागतो.

क्लास निवडताना एवढंच पाहा: सर "यामे" म्हणाले की मुलांच्या मुठी जागच्या जागी थांबतात का?