बोंडअळीनं शिकवलेलं औषधाच्या बाबतीत का विसरलो?



2017 साली गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं काय केलं ते सांगायची गरज नाही. बियाणं बीटीच होतं, पण अळी त्याला दाद देईना. सोबत आलेलं नॉन-बीटीचं पाकीट बहुतेकांनी लावलंच नव्हतं. वर्षानुवर्षं एकच मारा झाला, कच्च्या अळ्या मेल्या, पक्क्या उरल्या आणि त्यांचीच पैदास वाढली. हे आपल्याला तोंडपाठ आहे. मग हेच गणित अँटिबायोटिकला लागतं म्हटलं की कानाडोळा का?

सर्दी, फ्लू, डेंगी, चिकुनगुन्या हे विषाणूचे आजार. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. तरी आपल्या भागात मेडिकलवर जाऊन "दोन दिवसाच्या द्या, जरा पॉवरच्या द्या" म्हणायची रीतच पडलीय. त्या गोळीनं सर्दी जात नाही, पण पोटातले कच्चे जिवाणू मरतात अन् पक्के उरतात. उद्या घरातल्या बाईला लघवीला जळजळ होते, तपासणीत ई-कोलाय निघतो आणि नेहमीची गोळी लागू पडत नाही. टायफॉइडचंही तेच. एकेकाळी सिप्रोफ्लॉक्सासिननं हमखास उतरणारा ताप आता बहुतेक वेळा त्यानं उतरत नाही. लोक म्हणतात, "अंगाला सवय झाली." अंगाला नाही हो, जिवाणूला झाली. म्हणून ज्यानं आयुष्यात गोळी खाल्ली नाही त्यालाही हा पक्का जिवाणू गाठतो.

अळीपेक्षा जिवाणू एका बाबतीत वरचढ आहे. अळी आपला गुण फक्त पिलांना देते. जिवाणू तो शेजारच्या, दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. त्यामुळं गोठा वेगळा, रान वेगळं, दवाखाना वेगळा असं काही उरत नाही.

गायीला दगडी झाली की सडात ट्यूब सोडायची आणि संध्याकाळचं दूध डेअरीला घालायचं, हे बंद झालं पाहिजे. ट्यूबवर लिहिलेले दिवस दूध बाजूला काढायचंच. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचं राखीव औषध, ते वजन वाढावं म्हणून कोंबड्यांना चारलं जात होतं. केंद्रानं 2019 मध्ये जनावरं-कोंबड्यांसाठी त्यावर बंदी घातली.

आता फवारणी. स्ट्रेप्टोसायक्लिनमध्ये 90 टक्के स्ट्रेप्टोमायसिन असतं, म्हणजे टीबीवर लागू पडलेलं पहिलं औषध. डाळिंबाचा तेल्या जिवाणूमुळं होतो, तिथं निदान कारण तरी आहे. पण कांद्याच्या, टोमॅटोच्या बुरशीजन्य करप्यावर तीच पुडी कशाला? बुरशीला तिचा काही उपयोग नाही. डिसेंबर 2021 मध्ये केंद्रानं शेतीतल्या या वापरावर बंदीचा मसुदा काढला. त्यानंतरही टाकीत पुडी टाकायला सांगणाऱ्या सल्लागारांनी कोणत्या जिवाणूसाठी, ते एकदा सांगावं.

कुणी म्हणेल, "मजुरी बुडवून तपासणी करायला पैसे कुठले?" खरंय. डॉक्टरकडं चिठ्ठीपुरतं जायचं म्हटलं तरी दिवस मोडतो. म्हणून दोष एकट्या पेशंटचा नाही. लघवीच्या कल्चरची स्वस्त सोय प्रत्येक तालुक्याला हवी, ही मागणी आपण उसाच्या भावाइतकीच जोरात केली पाहिजे. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 मधली औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, दुकानदाराला नोंदवही ठेवावी लागते. हा नियम पाळला जातोय का, हे ग्रामसभेत विचारा.

बोंडअळीला निदान नवीन फवारणी निघते. नवी अँटिबायोटिकं फार थोडी येतात. 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12.7 लाख माणसं औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळं थेट दगावली.

तेव्हा चिठ्ठीशिवाय गोळी नको, डॉक्टरांनी सांगितलेला डोस मधेच सोडू नका, उरलेली पानं शेजाऱ्याला देऊ नका. आणि कृषी पदवीधर मित्रांनो, बुरशी की जिवाणू हे पान बघून आधी ठरवा, मग पुडी लिहून द्या.