फूट, मिलिमीटर आणि क्विंटल : प्लायवूडच्या मापात शेतकरी कोठे आहे?

चंडीगडच्या वास्तूंची आखणी करताना ल कॉर्बुझिए यांनी 'मॉड्युलॉर' ही स्वतःची मापपद्धती वापरली. सहा फूट, म्हणजे १८३ सेंटिमीटर उंचीचा मनुष्य आधाराला धरून फूट-इंच आणि मीटर यांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता. हे शहर उभे राहत असतानाच भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली. तरीही आज त्याच शहरात भूखंड कनाल आणि मरल्यात सांगितला जातो व प्लायवूड 'आठ बाय चार, अठरा एमएम' असे मागितले जाते. लांबी-रुंदी फुटांत आणि जाडी मिलिमीटरमध्ये, अशी ही सरमिसळ आहे. प्लायवूडचे लाकूड आता मोठ्या प्रमाणावर शेतातून येत असल्यामुळे तिच्याकडे केवळ बाजाराची सवय म्हणून पाहता येणार नाही.

चंडीगडपासून सुमारे शंभर किलोमीटरवरील यमुनानगर हे देशातील प्लायवूड उद्योगाचे एक प्रमुख केंद्र आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर ईशान्येकडील वनांतून येणाऱ्या लाकडावर कडक निर्बंध आले आणि हा उद्योग शेतातील लाकडाकडे अधिक वळला. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातील शेतकऱ्यांचे पॉपलर व निलगिरी हा तेथील गिरण्यांचा मुख्य कच्चा माल आहे. शेतकरी मात्र हे लाकूड क्विंटलने किंवा उभे झाड उक्त्या भावाने विकतो. म्हणजे एकाच लाकडाला शेतात वजन, गिरणीत मिलिमीटर आणि दुकानात चौरस फूट अशी तीन मापे लागतात.

प्रथम तयार शीटचा हिशेब पाहावा. आठ बाय चार फुटांची शीट म्हणजे सुमारे २४४० बाय १२२० मिलिमीटर. भारतीय मानकांतील मेट्रिक आकार मात्र २४०० बाय १२०० मिलिमीटर आहे. हे दोन्ही आकार बोलताना 'आठ बाय चार'च होतात. पहिल्यात ३२ चौरस फूट भरतात, दुसऱ्यात जेमतेम ३१. बिल ३२ फुटांचे आणि शीट २४०० मिलिमीटरची असेल, तर ग्राहकाचा एक चौरस फूट कमी पडतो.

जाडीतही असेच घडते. सुताराच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यानुसार सहा सूत म्हणजे १९ मिलिमीटर. बाजारात त्या जागी १८ मिलिमीटर रूढ झाले. १८ ऐवजी प्रत्यक्षात १७ भरली, तर साडेपाच टक्के लाकूड कमी लागते आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. जाडीत काटछाट करणारी गिरणी स्वस्त विकते. पूर्ण मापाचा माल देणारी गिरणी स्पर्धेत मागे पडते आणि चांगल्या लाकडाला चांगला भाव देण्याची तिची क्षमता घटते. शीटच्या मापातील ढिलाई अशी मागे सरकत बांधापर्यंत येते.

बांधावरचे नुकसान अधिक थेट आहे. ताज्या तोडलेल्या पॉपलरमध्ये पाण्याचा अंश मोठा असतो. ओंडके चार दिवस पडून राहिले की वजन घटते. लाकडातील मोकळे पाणी निघून जाईपर्यंत त्याचे आकारमान जवळजवळ बदलत नाही. म्हणजे गिरणीला मिळणारे लाकूड तेवढेच राहते, शेतकऱ्याचे पैसे मात्र कमी होतात. दहा क्विंटलचा माल वाळून नऊ क्विंटल भरला, तर एका क्विंटलची किंमत केवळ विलंबामुळे जाते.

घनमापाने विक्री हा यावरील उपाय वाटतो. परंतु तेथेही सूत्र पाहूनच व्यवहार करावा लागतो. ओंडक्याच्या घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करायचा व लांबीने गुणायचे, ही पद्धत इमारती लाकडाच्या व्यवहारात जुनी आहे. एक मीटर घेर आणि तीन मीटर लांबीचा ओंडका या हिशेबाने ०.१८७५ घनमीटर भरतो. प्रत्यक्षात तो ०.२३९ घनमीटर असतो. ही साडेएकवीस टक्क्यांची सूट करवतीने चौकोनी कापताना वाया जाणाऱ्या लाकडासाठी धरली जाते. प्लायवूडसाठी मात्र ओंडका गोल फिरवून त्याचा सलग पापुद्रा सोलला जातो आणि मधला गाभा तेवढा उरतो. जेथे कापणीच वेगळी आहे, तेथे जुनी सूट तशीच लावणे न्याय्य नाही.

महाराष्ट्रात सागाबरोबरच निलगिरी, सुबाभूळ आणि मलबार नीम यांची लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांनी उत्तरेतील या अनुभवाकडे वेळीच पाहावे. रोप लावताना हेक्टरी उत्पन्नाचे आकडे सांगितले जातात. लाकूड कोणत्या मापाने विकले जाईल, हा प्रश्न अनेकदा तोडणीच्या दिवशी उभा राहतो, आणि त्या दिवशी शेतकऱ्याच्या हाती पर्याय थोडे असतात.

सुताराच्या तोंडातील फूट काढून टाकण्याची गरज नाही. घरांचे दरवाजे आणि कपाटे त्याच मापात बसलेली आहेत. व्यवहाराच्या कागदावर मात्र एकच माप हवे. २००९ च्या वैध मापन कायद्यानुसार किमती प्रमाणित एककांतच सांगणे बंधनकारक आहे. त्याची अंमलबजावणी लाकूड बाजारातही दिसली पाहिजे. वजनपावतीवर तोडणीची तारीख असावी, घनमाप काढताना वापरलेले सूत्र लिहिलेले असावे आणि शीटवर तिन्ही मापे मिलिमीटरमध्ये छापलेली असावीत. कृषी संशोधन संस्थांनी वनशेतीच्या शिफारशींत वाणाबरोबर मोजणीची पद्धतही द्यावी. घेर मोजण्याची फीत आणि घनमापाचा साधा तक्ता यांना फार खर्च येत नाही. सहा-सात वर्षे वाढवलेल्या झाडात नेमके किती लाकूड आहे, हे खरेदीदाराआधी ते झाड लावणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.