डॉक्टर, छंदही विचारा

अमेरिकेत घरच्या घरी बंदुकीच्या गोळ्या ओतणारे हजारो हौशी लोक आहेत. तिथल्या बहुतेक राज्यांत स्वतःच्या वापरासाठी हे करायला परवान्याची गरज लागत नाही. मोटारीच्या चाकांना लावायची जुनी वजने, मोडीतले नळ, छपराचे पत्रे असे शिशाचे भंगार गोळा करायचे, गॅरेजमध्ये विजेच्या भांड्यात वितळवायचे आणि साच्यात ओतायचे. विकतच्या गोळ्यांपेक्षा हे स्वस्त पडते. शिवाय आपल्या हाताने केल्याचे समाधान असते, तेही खोटे नाही.

आपल्याकडे शस्त्र कायद्यामुळे हे शक्य नाही आणि ते बरेच आहे. पण या छंदाची आरोग्याची बाजू आपल्यालाही शिकवून जाते. धोका असतो एका ठिकाणी आणि माणूस घाबरतो भलत्याच ठिकाणी, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

हे हौशी लोक घाबरतात धुराला. शिसे वितळते ३२७ अंश सेल्सियसला आणि उकळते सुमारे १,७५० अंशांना. गोळ्या ओतताना भांड्याचे तापमान साधारण चारशेच्या आसपास ठेवतात. इतक्या तापमानाला शिशाची वाफ फारच थोडी होते. दिसणारा धूर बहुतेक मेणाचा किंवा भंगारातल्या तेलकट घाणीचा असतो. खरी गोष्ट असते वर तरंगणाऱ्या करड्या साईत. ती चमच्याने काढून बाजूला टाकतात. थंड झाल्यावर तिची पूड होते, त्या पुडीत शिशाचे ऑक्साइड असते, आणि झाडू फिरवला की ती हवेत जाते. तिथून नाकात, कपड्यांवर, गालिच्यावर आणि गालिच्यावर रांगणाऱ्या मुलाच्या हातावर.

दुसरी जागा बंदुकीच्या नळीची. नळीच्या आत पिळदार खाचा असतात. गोळी मऊ असली किंवा नळीच्या मापापेक्षा किंचित बारीक असली, की मागचा तप्त वायू तिच्या कडेने निसटतो, शिसे खरवडतो आणि ते खाचांत लिंपून बसते. मग नेम चुकू लागतो. हे शिसे काढायला काशाच्या तारांचा ब्रश किंवा तांब्याची जाळी गुंडाळून नळी घासतात. निघतो तो चकचकीत कीस आणि बारीक भुकटी. ज्या टेबलावर हे चालते, तिथेच चहाचा कप असतो.

त्यातही एक ‘घरगुती उपाय’ मला सर्वात वाईट वाटतो. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र करून नळीत भरायचे. शिसे चुटकीसरशी विरघळते. विरघळते म्हणजे नाहीसे होत नाही, त्याचे लेड अॅसिटेट होते. धातूच्या शिशापेक्षा हे क्षार पाण्यात सहज विरघळते, पोटातून सहज शोषले जाते आणि काही प्रमाणात कातडीतूनही आत जाते. केसांच्या कलपात ते असू नये, असा निर्णय अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये घेतला. तेच द्रावण मंडळी उघड्या हातांनी हाताळतात आणि मोरीत ओततात. साधा ब्रश, हातमोजे आणि ओला कपडा यांनी काम होत असताना हे कशाला?

‘आजोबा पन्नास वर्षे हेच करत होते, त्यांना काही झाले नाही’ हे वाक्य तिथेही ऐकू येते. शिशाबाबत ते फसवे आहे. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्म्यावर येते, पण हाडांत गेलेले दशकानुदशके राहते आणि म्हातारपणी किंवा गरोदरपणी पुन्हा रक्तात उतरते. प्रौढांमध्ये त्याची लक्षणे कुणालाही असू शकतील अशीच: थकवा, चिडचिड, बद्धकोष्ठ, पोटात कळा, सांधेदुखी, वाढलेला रक्तदाब. आजोबांचा रक्तदाब शिशामुळे होता की मिठामुळे, हे कुणी तपासलेच नव्हते. मुलांचे तर आणखी अवघड, कारण पोटात गेलेले शिसे त्यांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषू शकते आणि परिणाम मेंदूवर होतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये मुलांसाठीची संदर्भपातळी प्रति डेसिलिटर ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. तीही ‘सुरक्षित’ पातळी नव्हे. तशी पातळी अजून कुणाला सापडलेली नाही.

बॅटरीच्या कारखान्यातल्या कामगारासाठी निदान रक्ततपासणीचा नियम तरी आहे. हौशी माणसाला कुणीच तपासत नाही. डॉक्टर ‘काम काय करता?’ विचारतात. ‘संगणकावर’ असे उत्तर येते आणि विषय संपतो. म्हणून माझे म्हणणे असे की त्या प्रश्नाला आणखी दोन प्रश्न जोडावेत: सुटीच्या दिवशी काय करता, आणि दुसरीकडचे कोणते औषध घेता? दुसरा प्रश्न आपल्याकडे जास्त महत्त्वाचा. नागभस्मातला ‘नाग’ म्हणजे शिसेच, हे ते घेणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसते. शिशाचे निदान झाले, तर पहिला उपचार म्हणजे त्याचा स्रोत बंद करणे. शिसे बाहेर काढणारी औषधे ठरावीक पातळीपुढेच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. ‘डिटॉक्स’च्या पुड्यांनी काही होत नाही.

आपल्याकडचा थेट संबंध नेमबाजीचा. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा राधानगरीचा स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे कोल्हापूर-पुण्यापासून लहान गावांपर्यंत मुले एअर रायफल हातात घेत आहेत. हा खेळ उत्तम आहे, तो बंद करा असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्या साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्यांत सर्वसाधारणपणे शिसेच असते. दहा-बारा वर्षांची मुले ते दिवसाला शेकड्याने हाताळतात, कधी ओठांत धरतात आणि त्याच हातांनी डबा उघडतात.

प्रशिक्षकांनी आणि पालकांनी एवढे पाहावे. डबा नेमबाजीच्या दालनाबाहेर खायचा आणि त्याआधी साबणाने हात घासून धुवायचे, कारण सॅनिटायझरने शिसे जात नाही. छर्रे तोंडात धरायचे नाहीत. लक्ष्यामागे साचलेला चुरा मुलांकडून झाडून घ्यायचा नाही, मोठ्यांनी मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायचा. सरावाचे बूट घरात आणायचे नाहीत. आणि वर्षातून एकदा रक्तातले शिसे तपासायचे, म्हणजे कुणाला किती काळजी करायची ते अंदाजावर राहणार नाही. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या एखाद्या भाच्याला गोळ्या ओतायचा छंद असेल, तर त्यालाही हीच तपासणी सांगा, आणि घरात लहान मूल असेल तर त्याचीही.