बस उभी राहील एवढी जागा सोडा

समस्त बासरकर, दुकानदार, ऑटोवाले आणि ज्ञानसरस्वतीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांना कळकळीची विनंती.

आपल्या चौकाचं रूप पार बदललं आहे. २००८ साली ट्रिपल आयटी आली, तेव्हापासून सुट्या लागल्या की पेट्या-पिशव्या घेतलेल्या पोरापोरींची रीघ लागते. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणातल्या बायकांना आरटीसीच्या पल्लेवेलुगू आणि एक्सप्रेस गाड्यांत भाडं पडत नाही. भाड्यापायी घरी बसणाऱ्या आयाबाया आता बाजाराला, दवाखान्याला, माहेरी जातात. फार चांगलं झालं. पण त्यांच्या बसला उभं राहायला आपण जागा ठेवली आहे का? स्टँडच्या तोंडाशी ऑटो, कडेला मोटारी, उरलेल्या जागेत दुकानांचा माल. मग ड्रायव्हर भर रस्त्यात गाडी थांबवतो आणि अक्षराभ्यासाला आणलेलं लेकरू कडेवर घेऊन बाई मोटारसायकलींमधून वाट काढत दार गाठते. सरस्वतीच्या गावात हे शोभत नाही.

ऑटोवाले दादांनो, सवारी तुमच्यापर्यंत चालत येईल. स्टँडचं तोंड मोकळं ठेवा. दुकानदारांनो, माल नालीच्या आत घ्या. मोटारवाल्यांनो, ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून गाडी चौकात सोडू नका, वाहनतळावर लावा.

आणखी एक. धर्माबाद-नांदेडकडून येणाऱ्या बायकांची इथे गल्लत होते. त्यांची अर्ध्या तिकिटाची सवलत एसटीतली, तीही महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. इथला मोफत प्रवास तेलंगणाचा पत्ता असलेल्यांनाच. त्यात बसची पाटी तेलुगूत असली की म्हाताऱ्या माणसाने कुणाला विचारायचं? १९५६ पर्यंत आपला मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यातच होता, घरोघरी मराठी कळते. दोन शब्द बोलून त्यांना योग्य गाडीत बसवून द्या. चौकात गाड्यांच्या वेळांचा फलक तेलुगूबरोबर मराठीतही लागावा, ही मागणी गावाने एकमुखाने आरटीसीकडे करावी.

वसंत पंचमी आणि नवरात्राची गर्दी दरवर्षीचीच. २०१५ नंतरचं गोदावरी पुष्कर मात्र २०२७ साली आहे, आणि तेव्हाची गर्दी या चौकाला आजच्या स्थितीत झेपणार नाही. पोलीस येऊन गाड्या उचलतील तेव्हा पाहू, असं म्हणू नका. आजपासून स्टँडच्या तोंडाशी कुणीही वाहन लावू नये.

आपला,
एक बासरकर