जन्मतारखेला घड्याळ कशाला?

शासकीय अर्ज असो वा बँकेतील खाते, नागरिक आपली जन्मतारीख आज ज्या संगणकीय नमुन्यांत भरतो, त्यांपैकी बहुतेक जावास्क्रिप्टच्या आधारे चालतात. आणि १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी जिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला, त्या या भाषेत ‘डेट’ नावाने जी वस्तू हाती येते, ती मुळात तारीख नव्हेच, तर १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून मोजलेल्या मिलिसेकंदांची संख्या होय. सबब या वस्तूत निव्वळ दिवस साठवता येत नाही; त्याला कोणती तरी वेळ द्यावीच लागते, आणि प्रोग्रामर शिरस्त्याप्रमाणे तास-मिनिटे शून्यावर आणून स्थानिक मध्यरात्र ठरवतो.

अनर्थ येथेच उद्भवतो. पुण्यातील अर्जदाराने १५ ऑगस्ट निवडला, की सर्व्हरकडे रवाना होताना ती मध्यरात्र जागतिक प्रमाणवेळेत रूपांतरित होते, आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे असल्याने १४ ऑगस्टचे सायंकाळचे साडेसहा दप्तरी रुजू होतात. पुढे कोणी वेळेचा भाग छाटून उरलेला मजकूर तारीख म्हणून जतन केला, म्हणजे जन्मदाखला व खाते यांत एका दिवसाचा कायमचा फरक पडतो, आणि तो निस्तरण्यासाठी हेलपाटे घालावे लागतात ते निरपराध अर्जदाराला.

यावर पुष्कळ ठिकाणी साडेपाच तास मिळवण्याचा तोडगा योजतात. तो मला अत्यंत आक्षेपार्ह वाटतो, कारण दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, भारताची घड्याळे आणखी एक तास पुढे होती, आणि ब्राउझरला कालविभागांच्या इतिहासावरून ते ठाऊक असते. तेव्हा १९४३ साली जन्मलेल्या वृद्धाची मध्यरात्र आदल्या दिवशीच्या सायंकाळी साडेपाचला पोहोचते, आणि तीत साडेपाच तास मिळवूनही रात्रीचे अकराच वाजतात. ज्यांचे निवृत्तिवेतन कागदपत्रांच्या तंतोतंत मेळावर अवलंबून असते, नेमक्या त्याच पिढीवर हा अन्याय होतो.

जन्मतिथी हा क्षण नव्हे, तो पंचांगातील दिवस आहे; त्याला वेळ जोडण्याचा अधिकार कोणत्याही आज्ञावलीला असू नये. जावास्क्रिप्टमधील ‘टेम्पोरल’ या नव्या योजनेत वेळविरहित तारखेचा स्वतंत्र प्रकार आहे, आणि २०२५ पासून फायरफॉक्समध्ये ती उपलब्धही झाली आहे. ती सर्वत्र रुळेपर्यंत शासनाने आपल्या कंत्राटांतच अशी अट घालावी, की जन्मतारीख वर्ष, महिना व दिवस अशा तीन अंकांनीच पाठवली जाईल आणि वेळेचा रकानाच नसलेल्या नोंदीत ठेवली जाईल.