स्कूटर येते? मग पाण्यावर जास्त जपा!

“अहो, तुम्हाला स्कूटर येते ना? मग हीपण येईलच की!”

सुट्टीत समुद्रावर गेलेल्या घरात हे वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच. समोर पाण्यावर तुषार उडवत जेट स्की घोंघावत असते. मुलं बाबांचा हात ओढत असतात. भाडं घेणारा माणूस “सर, फार सोपं आहे, स्कूटरसारखंच!” असं सांगत असतो. बाबांनाही ते पटतं. पंधरा-वीस वर्षं पुण्या-नाशिकच्या गर्दीतून स्कूटर चालवलेली, त्यात इथे ना खड्डे, ना सिग्नल! मग भीती कसली?

खरं तर भीती त्या सवयीचीच बाळगायला हवी. नागाव असो, तारकर्ली असो, गोवा असो की चेन्नई, भाड्याने जेट स्की घेणाऱ्या प्रत्येकाने पैसे मोजण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. हे यंत्र दिसतं स्कूटरसारखं, पण ऐन अडचणीच्या क्षणी वागतं अगदी उलट.

नळीतल्या पाण्याची ताकद

‘जेट स्की’ हे खरं म्हणजे कावासाकी या जपानी कंपनीचं व्यापारी नाव. घराघरांत वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणायची पद्धत पडली, तसंच याचं झालं. १९६०च्या दशकात क्लेटन जेकबसन या अमेरिकी मोटरसायकल शर्यतपटूच्या डोक्यात ही कल्पना आली. मोटरसायकलवरून खडकाळ जमिनीवर आपटण्यापेक्षा पाण्यात पडलेलं काय वाईट, असा त्याचा साधा हिशेब! १९६८मध्ये बाँबार्डिए कंपनीने ‘सी-डू’ बाजारात आणली आणि १९७३मध्ये कावासाकीची जेट स्की आली. आपल्याकडे तिला वॉटर स्कूटर हे नाव चिकटलं आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

साध्या मोटरबोटीला मागे पाण्यात फिरणारा पंखा असतो आणि दिशा देणारं सुकाणू असतं. जेट स्कीला यातलं काहीच बाहेर दिसत नाही. तिच्या पोटाखाली जाळी असते. इंजिन त्या जाळीतून पाणी आत ओढून घेतं आणि मागच्या तोटीतून जोरात बाहेर फेकतं. त्या धक्क्याने यंत्र पुढे पळतं. हँडल फिरवलं की मागची तोटी फिरते, पाण्याचा झोत तिरका होतो आणि यंत्र वळतं.

आता अंगणातल्या झाडांना पाणी घालायची रबरी नळी आठवा. नळ सुरू असेल तरच नळी हाताला मागे रेटते. नळ बंद केल्यावर ती कुठेही फिरवा, जोर शून्य! जेट स्कीचंही तेच आहे. अॅक्सिलरेटर सोडला की झोत बंद होतो. झोत बंद झाला की वळण्याची ताकद गेली. हँडल हातात गरागरा फिरतं, पण दोनशे ते चारशे किलोंचं ते धूड त्याच वेगात सरळ पुढे जात राहतं.

रस्त्यावर समोर अचानक कुणी आलं, तर आपण काय करतो? अॅक्सिलरेटर सोडतो, ब्रेक दाबतो आणि हँडल वळवतो. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की विचारही करावा लागत नाही. पाण्यावर याच प्रतिक्षिप्त क्रियेने घात होतो. समोर बोट दिसते, माणूस घाबरून अॅक्सिलरेटर सोडतो आणि थेट बोटीवर जाऊन आदळतो. ब्रेक म्हणावा तर जुन्या यंत्रांना तो नसतोच. २००९पासून काही महागड्या यंत्रांत ब्रेकसारखी सोय आली. हल्लीच्या काही यंत्रांत अॅक्सिलरेटर सोडल्यावरही थोडंफार वळता येतं. पण भाड्याच्या यंत्रात ते असेल, असं गृहीत धरू नये.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८मध्ये अशा अपघातांचा अभ्यास केला. इतर हौशी बोटींच्या अपघातांत माणसं मुख्यतः बुडून दगावतात. जेट स्कीच्या अपघातांत मात्र बुडण्यापेक्षा आदळून झालेल्या दुखापतींनी जास्त बळी घेतले होते. पोहता येतं म्हणून आपण सुरक्षित, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

तेव्हा मनात पक्कं बसवायचं ते एवढंच : अंतर भरपूर ठेवायचं, वेग फार आधी कमी करायचा आणि वळताना थोडा अॅक्सिलरेटर चालू ठेवायचा. काठावर उभं राहून दोन वेळा मोठ्याने म्हणा, “सोडलं तर वळणार नाही!” मुलं हसतील. हसू द्या.

मरीना की मुट्टुकाडू?

चेन्नईला गेलेला मराठी माणूस आधी मरीना बीचवर जातो. लांबच लांब वाळू, भाजलेली कणसं, पतंग, घोडे... बघून गिरगाव चौपाटी आठवते. पण पाण्याच्या बाबतीत दोघींची तुलना करू नये. मरीनावर पोहायला मनाई आहे आणि त्याला कारणही तसंच आहे. किनारा झपकन खोल होतो, लाटा काठाजवळच फुटतात आणि मागे खेचणारा प्रवाह जोरदार असतो.

आपलं भरती-ओहोटीचं शहाणपणही इथे कामाला येत नाही. मुंबईला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. चेन्नईत तो जेमतेम मीटरभर असतो. त्यामुळे ‘ओहोटी आहे, पाणी मागे गेलंय, उतरा बिनधास्त’ हा कोकणातला हिशेब बंगालच्या उपसागराला लागू पडत नाही.

नवख्या माणसाने यंत्र चालवायचंच असेल, तर बंदिस्त पाणी बघावं. चेन्नईहून ममल्लपुरमकडे जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवर, शहरापासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर मुट्टुकाडू आहे. तिथे खाडीचं पाणी समुद्राला मिळतं. तमिळनाडू पर्यटन विकास महामंडळाचं तिथलं बोट हाऊस १९८४पासूनचं. वल्ह्याच्या बोटी, मोटरबोटी, स्पीड बोटी मिळतात. वॉटर स्कूटर त्या दिवशी चालू आहे का, ते तिकीट खिडकीवर विचारावं. खाडीत लाटा नसतात, तिकीट ठरलेलं असतं आणि काही झालंच तर काठ जवळ असतो. जवळच दक्षिणचित्र हे दक्षिणेतल्या जुन्या घरांचं संग्रहालय आहे, त्यामुळे ज्यांना पाण्यात रस नाही त्या आजी-आजोबांचाही दिवस छान जातो.

वेळ सकाळची निवडावी. दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी खवळायला लागतं. उन्हाचा मारा वाचतो, हा आणखी एक फायदा.

आणि महिना? इथे बऱ्याच जणांची फसगत होते. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत पाऊस संपलेला असतो. चेन्नईचा मोठा पाऊस मात्र ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच पडतो आणि वादळंही त्याच दिवसांत येतात. ‘वरदा’ वादळ १२ डिसेंबर २०१६ला चेन्नईवर आदळलं. डिसेंबर २०२३मध्ये ‘मिचाँग’ने शहर पाण्यात बुडवलं. म्हणून दिवाळीत चेन्नईला जाणाऱ्यांनी हवामान खात्याचा इशारा बघितल्याशिवाय पाण्याचे बेत आखू नयेत. फेब्रुवारी-मार्चचे दिवस त्या मानाने निवांत.

पैसे देण्याआधी

साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, काठ तपासतो. मग जिवाशी गाठ असलेली वस्तू भाड्याने घेताना भीड कशाला? चार प्रश्न विचारावेत.

दर मिनिटांचा आहे की फेरीचा? यंत्र चालवणार कोण? कुठपर्यंत जायचं आणि कुठे जायचं नाही? यंत्राला काही झालं तर भरपाई कुणी द्यायची?

शेवटचा प्रश्न परदेशात तर फारच महत्त्वाचा. थायलंडमध्ये पट्टाया आणि फुकेतच्या किनाऱ्यांवर जुने ओरखडे दाखवून पर्यटकांकडून पैसे उकळण्याचे प्रकार वर्षानुवर्षं गाजले. उपाय सोपा आहे. निघण्याआधी मालकासमोरच मोबाइलवर यंत्राचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. पासपोर्ट मात्र कुणाकडेही गहाण ठेवू नये.

चालकाचं प्रशिक्षण झालंय का, हेही विचारावं. गोव्यात १९९०मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था असं प्रशिक्षण देते. आपल्या अपघात विम्यावरही नजर टाकावी, कारण बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

नवख्यांसाठी सगळ्यांत सुरक्षित बैठक म्हणजे चालक पुढे आणि आपण मागे. त्यात कमीपणा काही नाही. स्वतः चालवायचंच असेल, तर यंत्राच्या किल्लीला जोडलेली दोरी आपल्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधून घ्यावी. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. ज्याच्या हातात हँडल, त्याच्याच मनगटाला दोरी हवी. ती मागे बसलेल्याच्या हाताला बांधून उपयोग नाही.

ओढणी, केस आणि छोटी मंडळी

लाइफ जॅकेटला पर्याय नाही. १८ डिसेंबर २०२४ला मुंबईत गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा जणांचा जीव गेला. बोटीवरच्या अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. जॅकेट घातल्यावर सगळे पट्टे आवळावेत आणि कुणाला तरी ते खांद्याशी धरून वर ओढायला सांगावं. हनुवटीपर्यंत सरकलं, तर ते मोठं आहे. बदलून घ्यावं. मुलाला मोठ्यांचं जॅकेट घालून ‘चालेल’ म्हणू नये.

यंत्राखालची जाळी पाण्याबरोबर इतर गोष्टीही ओढून घेते. म्हणून ओढणी, पदर, लोंबत्या नाड्या बाजूला ठेवाव्यात, लांब केस घट्ट बांधावेत. मंगळसूत्र, बांगड्या काठावरच्या माणसाकडे द्याव्यात. मागच्या तोटीतून येणारा झोत फार तीव्र असतो. मागे बसलेली व्यक्ती वेगात असताना मागच्या मागे पडली, तर शरीराच्या नाजूक भागांना आतून गंभीर इजा होऊ शकते. म्हणूनच कंपन्या जाड, पाणबुड्यांसारखी विजार घालायला सांगतात. पातळ सलवार किंवा लेंगा तेवढं संरक्षण देत नाही. निदान मागे बसणाऱ्याने पुढच्याला घट्ट धरावं आणि वेगाची हौस आवरावी.

रस्त्यावर छोट्याला स्कूटरवर पुढे उभं करायची आपली जुनी सवय. इथे ती अजिबात नको. धक्का बसला तर मूल हँडल आणि चालक यांच्यामध्ये चिरडतं. मागे बसवलं, तरी त्याचे पाय तळाशी टेकायला हवेत आणि हात पुढच्याला धरता यायला हवेत. नाही जमत? मग पेडल बोट आहेच. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या हाती हँडल देऊच नये.

तमिळ येत नसेल, तर तीन शब्द पाठ करून ठेवा. ‘मेदुवा’ म्हणजे हळू, ‘पोदुम’ म्हणजे पुरे आणि ‘निरुत्तुंगा’ म्हणजे थांबवा. इंजिनाच्या आवाजात इंग्रजी विनवणीपेक्षा ते लवकर पोहोचतात. खांद्यावर दोन थापा म्हणजे थांब, ही खूणही आधीच ठरवावी.

पाण्यात पडलात, तर आधी इंजिन बंद असल्याची खात्री करा. मगच यंत्राच्या मागच्या बाजूने वर चढा. बाजूने चढायला गेलं, तर ते अंगावर कलंडतं. उलटलं असेल, तर मागच्या खुणेत दाखवलेल्या दिशेनेच सरळ करायचं. समुद्रात मदत लागली, तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सर्वसाधारण मदतीचा ११२ हे क्रमांक काठावरच्या माणसाला माहीत हवेत.

बेझंट नगरची पांढरी कमान

चेन्नईत बेझंट नगरच्या एलियट्स बीचवर वाळूत एक पांढरी कमान उभी आहे. सिनेमांतून अनेकांनी ती पाहिलेली असते. मुलं तिच्या सावलीत खेळतात, तरुण मंडळी फोटो काढतात. ती कशासाठी बांधली, हे फार थोडे जण वाचतात.

ते श्मिट नावाच्या एका डॅनिश खलाशाचं स्मारक आहे. ३० डिसेंबर १९३०ला, ऐन सुट्टीच्या दिवसांत, त्याच किनाऱ्यावर इतरांचे जीव वाचवायला तो पाण्यात शिरला आणि परत आला नाही. समुद्रावरच पोट असलेला तो माणूस. पाणी त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होतं.

पाण्यात कुणी अडचणीत आलं, तर धावत जाणारा पहिला माणूस बहुधा घरचाच असतो. बाप, काका, मोठी बहीण. म्हणून जॅकेटशिवाय कुणीही मागे उडी मारू नये. दोरी फेकावी, रिकामा कॅन फेकावा, जीवरक्षकाला हाक मारावी.

चेन्नईला गेलात, तर त्या कमानीपाशी मुलांना जरूर न्या. श्मिटची गोष्ट सांगा. मग मुट्टुकाडूला जा, जॅकेटचे पट्टे आवळा, दोरी मनगटाला बांधा आणि मनसोक्त तुषार अंगावर घ्या. पाचच मिनिटांची फेरी असते ती. त्याआधीची दहा मिनिटं समजून घेण्यात गेली, तर सुट्टी काही लहान होत नाही.